तिसऱ्या खांबाची वाळू

॥ श्री ॥
नाशिक, सोमवार, ६ जानेवारी २०२५

हर्षाली,

पाकीट हातात घेतल्यावर आत कचकच लागली असेल. ती वाळू आहे. औषधाच्या पुडीसारखी घडी घालून वर दोरा बांधला आहे. सांडली असली तर फेकू नकोस, गोळा कर आणि नीट बघ.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. तुझे फोटो पप्पांच्या फोनवर येतात ते मी त्यांच्या खांद्यावरून बघते. ते मुद्दाम फोन थोडा माझ्याकडे तिरका धरतात. तुझा पत्ताही त्यांच्या डायरीतून उतरवून घेतला, त्यांना रागावू नकोस. पोस्टाचं पाकीट बंद करता येत नाही, एवढाच माझा फायदा.

कामाचं लिहिते. आपल्या वसाहतीतल्या महादेवाच्या मंडपाचा तिसरा खांब, नंदीच्या उजव्या हाताचा. तुला आठवत असेलच. बैठकीच्या वर खांब जिथे बारीक होतो, त्या गळ्यापाशी गुलाबी वाळू सुटते आहे. बोट फिरवलं की मिठासारखी हाताला येते. दिवाळीपासून बघते आहे. आधी वाटलं चपलांची धूळ, पण चपला तर सगळ्यांच्या बाहेर असतात. मग मी रोज सकाळी झाडून घ्यायला लागले आणि घरच्या काट्यावर तोलायला लागले. हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानापासून उलटं लिहीत येते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरा ग्रॅम. शेवटच्या आठवड्यात चौतीस.

महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी सकाळी मंडपाच्या घुमटावर दगडी कळस चढवायचा आहे, दीड टनाचा. क्रेन ठरली आहे. नंतर दिवसभर दर्शन. दोन-अडीच हजार माणूस त्या खांबांमधून जाईल.

आपल्याकडचा काळा दगड असता तर मी विचारलंही नसतं, त्याला काय होतंय. पण हा राजस्थानातून आणलेला वाळूचा दगड. पप्पा म्हणतात, तू धनबादला हेच करतेस, असला दगड यंत्रात घालून दाबून बघतेस. मग सांग, वाळू सुटली म्हणून खांब पडतो का? एवढंच विचारायचं आहे. तुझं-माझं जे काही आहे ते आहे तिथेच राहू दे, त्याला मी हात लावत नाही.

खांबाला कुणी काही केलेलं नाही. दगडच खोटा लागला असणार.

आई


नाशिक, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

हर्षाली,

तुझा कागद पप्पांच्या फोनवर आला. नऊ प्रश्न. वर नाव नाही, खाली नाव नाही. परीक्षेच्या पेपरवरसुद्धा निदान सूचना लिहिलेल्या असतात.

असो. उत्तरं देते.

भेग आहे. गळ्यापासून वर तिरकी गेली आहे, एक वीत लांब. अजून नख आत जात नाही. ओळंबा लावला, खांब सरळ आहे. बाकीच्या पाच खांबांना थोडी थोडी वाळू सुटते, पण तिसऱ्याइतकी नाही. ओल तिसऱ्याच्या गळ्यातच राहते, तिथल्या नक्षीच्या खोबणीत पाणी साचतं.

तू दोन तुकडे मागितलेस, ते सोबत आहेत. लाल दोऱ्याचा गळ्यापासला. पांढऱ्या दोऱ्याचा अगदी वरचा, जिथे कुणाचा हात पोचत नाही. तो काढायला खलीलभाईंना शिडीवर चढवलं. हे खांब त्यांनीच उभे केले होते, म्हणून दुसऱ्या मिस्त्रीला सांगितलं नाही. त्यांनी आधी वर छिन्नी मारून तुकडा काढला, मग खाली आले, गळ्याला अंगठा लावला आणि हात तसाच धरून उभे राहिले.

"वहिनी, मी बसवला तेव्हा ह्याच्यावर माझी छिन्नी घसरत होती. आता अंगठ्याने निघतोय. ह्याला कुणीतरी खाल्लंय."

"दगड कोण खाईल, भाई?"

"तेच तर मी विचारतोय तुम्हाला."

तुझा सहावा प्रश्न, खांबाला काय लावता, तेल, दूध, साबण, रंग, ॲसिड. दर सोमवारी आम्ही बायका सेवा म्हणून मंडप धुतो, गंगेचं पाणी आणून. ॲसिड कोण लावेल गं देवाच्या खांबाला?

नववा, कुणाला सांगितलं. कुणालाच नाही. पप्पांना फक्त काटा कशाला लागतो ते सांगितलं.

'तुला आठवत असेलच' असं मागच्या पत्रात लिहिलं ते टोचायला नव्हतं लिहिलं. पाकीट टाकल्यावर लक्षात आलं.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवला नाही. परत आला असता तर पोस्टमनसमोर वाईट दिसलं असतं.

आई


नाशिक, मंगळवार, २८ जानेवारी २०२५

हर्षाली,

'पाण्याने एवढं होत नाही. खोटं लिहिलंयस. पुन्हा लिही.' पप्पांनी वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत गॅलरीत गेले.

पुन्हा लिहिते.

चिंच. रविवारी रात्री पातेलंभर चिंच भिजत घालते, सोमवारी कोळ करून त्यात लिंबं पिळते. खांब आधी त्याने चोळतो, नंतर पाण्याने धुतो. तिसऱ्या खांबाला कोळात भिजवलेलं गोणपाट बांधून एक रात्र ठेवायचं, असंही मीच ठरवलं, कारण त्याच्यावर डाग फार होते. देवाची तांब्या-पितळेची भांडी आपण असंच उजळतो की नाही? खांब उजळत होते गं. नव्या लुगड्यासारखा गुलाबी रंग यायचा. लांबून लोक येऊन विचारायचे, एवढं स्वच्छ कसं ठेवता. सेवेला अकरा बायका येतात आणि सगळ्यांना हे मी शिकवलं. तीन वर्षं होत आली. सोमवारचा उपास धरून, एकही सोमवार चुकवला नाही.

तू पुढे जे समजावलंस ते मी तीनदा वाचून घेतलं. वाळूचा दगड म्हणजे नुसती वाळू नाही, कणाला कण जिथे टेकतो तिथे निसर्गानेच सिमेंट भरलेलं असतं. कुठल्या दगडात ते गारगोटीचं, कुठे गंजाचं, कुठे चुन्याचं. आपल्या खांबात चुन्याचं. वरच्या तुकड्यात ते शाबूत, गळ्याच्या तुकड्यात राहिलेलंच नाही, आंबटाने विरघळून गेलं. सिमेंट थोडंसंच असलं तरी चालतं, पण सांध्यावर पाहिजे. सांध्यावरचं गेलं की कण कणाला टोचतो आणि भार आला की फोडतो.

हे मला कळलं का, याची मीच परीक्षा घेतली. तिळाचे दोन लाडू केले. एकाला पाक नीट, एकाला नुसता ओलसर. दोन्हींवर लाकडी फळी ठेवून वरवंटा ठेवला, मग पाटा. कमी पाकाचा लाडू पहिल्यापासून बसत गेला, कुरकुर करत, तीळ बाजूने निघत. दुसरा हललाच नाही. मी तुझ्या पप्पांना म्हटलं, वर हाताने दाबा. त्यांनी दाबलं, तरी हलला नाही. आणखी दाबलं. फाटकन तिरका फुटला, एक तुकडा फ्रीजखाली गेला.

"झाली तुझी पीएचडी," म्हणाले. "आता प्रबंध खाऊन टाकू का?"

खाल्ला. टाकायचा कशाला.

 पण तू शेवटी लिहिलं आहेस ते हेच. गळ्याचा बाहेरचा तीन-चार बोटं दगड आता दगड नाही, एकमेकांना टेकलेली वाळू आहे. सगळा भार आतल्या गाभ्यावर गेला आहे, आणि गाभ्याचं सिमेंट पक्कं आहे. पक्का दगड दबून दाखवत नाही. शेवटपर्यंत सरळ उभा राहतो आणि मग एकदम जातो.

म्हणजे खांब सरळ दिसतो आहे याला काही अर्थ नाही.

'विश्वस्तांना सांग. कारणासकट सांग. नाहीतर ऐकणार नाहीत,' असं लिहिलं आहेस. सांगते.

आई


नाशिक, सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

सांगितलं. अर्धं सांगितलं.

खंडेराव अण्णा तुला माहीत आहेत, मंडळाचे अध्यक्ष. त्या दिवशी मंडपात पुढच्या खुर्चीवर तेच बसले होते. शनिवारी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, अण्णा, तिसऱ्या खांबातून वाळू सुटते, भेग आहे, कळस चढवू नका, आधी कुणी जाणकार बोलवा. वही दाखवली. गेल्या आठवड्यात सत्तावन्न ग्रॅम.

अण्णा वहीकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही मंदिराची वाळू तोलता? उद्या नंदीचं वजन घ्याल."

त्यांचा प्रफुल्ल, मंडळाचा सचिव, कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता, तोही हसला.

"खांब सुतासारखा सरळ आहे," अण्णा म्हणाले. "मी परवाच ओळंबा लावून बघितलाय. आणि समजा सुटली वाळू, तर का सुटली? सांगा ना. कारण सांगा, मी आज क्रेन बंद करतो."

कारण माझ्या जिभेवर होतं. देवाशप्पथ होतं. अण्णांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या, त्या सोमवारच्या सेवेत आहेत. मला म्हणाल्या, "काकू, या सोमवारी चिंच मी आणते हं." आणि मी चहा घेतला, प्यायले, आणि घरी आले.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण.

चिंच मात्र मी बंद केली आहे. गेल्या सोमवारी नुसतं पाणी नेलं. गोजराबाईंनी लगेच ओळखलं. त्या सत्तर वर्षांच्या, सगळ्यांत आधी येतात, सगळ्यांच्या मागून जातात. म्हणाल्या, "उज्वला, आज खांब मेल्यासारखे दिसतायत. कोळ कुठंय?" मी म्हटलं चिंच संपली. आज त्या पिशवीभर लिंबं घेऊन आल्या. शेजाऱ्यांच्या झाडाची, चाळीस तरी असतील. "शिवरात्र तोंडावर आली आणि तू हात आखडतेस होय गं?" मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, पाण्याच्या टाकीमागे ठेवली. त्यांनी शोधून काढली. मी तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभी राहिले, म्हटलं हा मी धुते, तुम्ही दुसरा घ्या. पाठीला वाळू लागत होती. ब्लाउजमधून आत गेली. घरी येऊन तीही काढून तोलली.

खलीलभाईंना तुझा निरोप दिला, भेगेवर काचेची पट्टी बसवायचा. त्यांच्याकडे पातळ काच नव्हती. मी हातातली हिरवी बांगडी दिली. त्यांनी तिचा तुकडा आडवा ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरचे ठिपके दिले. "भेग केसाएवढी जरी हलली तरी हा तुकडा राहणार नाही," म्हणाले. "रोज बघा. आणि वहिनी, ज्यानं खाल्लं त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या तोंडावर लिहिलंय."

सोळा दिवस राहिले.

आई


नाशिक, बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

आज पहाटे बांगडी वाढलेली होती.

मधोमध. अर्धा तुकडा भेगेच्या या अंगाला, अर्धा त्या अंगाला. कळस अजून खालीच आहे, आवारात गोणपाटात गुंडाळलेला. वर काहीही नवीन वजन नाही. तरी हललं.

मी हात जोडून उभी राहिले. रोज म्हणते ते नामसुद्धा आठवेना. मग वाटलं, देव वेगळं काय सांगणार, हेच सांगतो आहे.

रविवारी सकाळी आरतीनंतर मंडळाची शेवटची बैठक आहे, मंडपातच. तिथे बोलणार आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, कारण लोकांसमोर पहिल्यांदा ऐकलीस तर ते आणखी वाईट. चार पत्रं लिहिली, चारही वेळा ती मी गिळली.

प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी तू तिसऱ्या खांबाला खिळ्याने ओरखडा काढलास आणि पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून त्यावर पिळलंस. बारीक फेस आला. तू मोठ्याने म्हणालीस, "ह्याच्यात चुना आहे, हा दगड आंबटाने मरेल, ह्याला जपा." गुरुजी थांबले. अण्णा खुर्चीतून उठले. कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या पोरी, देवाच्या खांबाला ओरखडे काढतात. आणि मी तुझी मान धरली आणि कपाळ पायरीला लावलं. माफी माग म्हटलं. तू मागेनास, म्हणून पुन्हा लावलं. एवढं तुला माहीत आहे. कपाळावरची खूण तू घेऊन गेलीस.

पुढचं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी ती जागा पुसायला गेले. म्हटलं, मुलीचा डाग आपण काढावा. आणि बघते तर तू लिंबू पिळलं होतंस तेवढाच भाग उजळला होता. रुपयाएवढा. बाकी खांब मळकट, आणि तेवढाच लखलखीत. तू जपा म्हणालीस ते कानात राहिलं नाही. डोळ्यात तेवढं चकचकीत राहिलं. मला वाटलं, पोरीच्या हातून अपराध झाला पण देवाने त्यातून सेवा दाखवली.

पहिली चिंच मी त्याच ठिकाणी लावली. म्हणून तिसरा खांब.

तुझ्याकडूनच शिकले, आणि तुला पायरीला टेकवून शिकले. हे आता लिहिलं. पाकीट लगेच पोस्टात टाकते, नाहीतर फाडेन.

आई


नाशिक, रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

एका हाताने कपाळावर फडकं धरून लिहिते आहे, अक्षर समजून घे.

आरती झाली. साठेक माणसं होती. मी ताट घेऊन गेले, त्यात लिंबू, खिळा आणि खलीलभाईंनी काढलेला वरचा आणखी एक तुकडा. अण्णा म्हणाले, "ताई, नैवेद्य नंतर."

म्हटलं, "नैवेद्य नाही, अण्णा. तुम्ही कारण विचारलं होतं ना, ते आणलंय."

खिळ्याने तुकडा खरवडला, वर लिंबू पिळलं. फेस आला. माणसं वाकून बघायला लागली. मग लिंबू गळ्याच्या वाळूवर पिळलं. काही नाही, नुसती ओली झाली. म्हटलं, "वरच्या दगडात जे आहे ते खालच्यात उरलेलं नाही. माझ्या हर्षालीने तीन वर्षांपूर्वी इथेच हेच दाखवलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, मी तिला मारलं."

"उज्वलाताई, हा तमाशा पुरे," अण्णा म्हणाले.

"थोडा राहिलाय," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. चिंच, लिंबू, गोणपाट, बांगडी.

 गोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या उठल्या. "म्हणजे आम्ही अकरा जणींनी मिळून देवाचं घर पोखरलं, असं म्हण की."

"तुम्ही नाही. मी. तुम्ही माझं ऐकलंत."

"मी सत्तर वर्षांची बाई, तुझं ऐकलं!" त्यांचा आवाज फाटला. "माझे गुडघे गेले गं त्या खांबांपाशी बसून. आणि तुला महिन्यापासून ठाऊक होतं? माझ्या हातातली लिंबं बघत होतीस?" पायाजवळची पिशवी त्यांनी माझ्या अंगावर टाकली. रिकामी होती, पण लागली.

मी म्हटलं, मुलगी इथे नाही, तेव्हा तिच्या जागेवर मी. आणि त्याच पायरीवर कपाळ टेकलं. मला कुणी धरलं नव्हतं, तरी जोरात लागलं. दगडाची कड वाईट आहे गं. मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी वर बघितलं तर खलीलभाई चपला हातात धरून दारात उभे होते. तिथूनच म्हणाले, "अण्णा, हे खांब मी उभे केलेत. मी सांगतो, वर एक वीटसुद्धा ठेवू नका. उद्यापासून लोखंडी टेकू लावतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

पप्पाही उठले. तुला तर माहीत आहे, चार माणसांत ते तोंड उघडत नाहीत. म्हणाले, "तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसखाली झोपलोय. जॅक कुठे लावायचा एवढं कळतं मला. मी आहे भाईंबरोबर."

अण्णांनी खांबाच्या गळ्यावरून बोट फिरवलं, बोटावरची वाळू बघितली. मग प्रफुल्लला म्हणाले, क्रेनवाल्याला फोन कर, नको म्हणून सांग. पण मंडप बंद करायला तयार नाहीत. "शिवरात्रीला देवाचं दार लावू? गावाला काय तोंड दाखवू?" टेकू लावा आणि दर्शन चालू ठेवा, असं म्हणाले.

उठताना प्रफुल्ल माझ्याजवळ आला. या वेळी हसत नव्हता. "काकू, हर्षालीचा नंबर द्या," म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे असून उपयोग नाही, काकांकडून घे. त्याने तिथेच लावला. तू काय बोललीस मला ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवला आणि अण्णांना सांगितलं, "ती म्हणते, टेकू लावणारे सोडून मी येईपर्यंत खांबापासून आठ हातांच्या आत कुणी जाऊ नका."

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तू तिथे नसशील. तरी टाकते. इतके दिवस लिहिते आहे, एक मध्येच राहायला नको.

आई


घर, गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५, दुपारी

हर्षाली,

या पत्राला तिकीट नाही. तू आतल्या खोलीत झोपली आहेस. दोन रात्रींचा प्रवास, आणि स्टेशनवरून सामान न टाकता थेट मंदिरात गेलीस. मी दार अर्धं लोटलं आहे.

काल जे झालं ते तूही बघितलंस, पण तू खांबाकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. म्हणून माझ्या बाजूचं लिहून ठेवते.

अण्णा मंडप बंद करणार नाहीत म्हणाले तेव्हा तू वाद घातला नाहीस. बांगडीच्या दोन तुकड्यांमध्ये बोटाचं नख घातलंस, ते आत गेलं. अण्णांना म्हणालीस, "तुमचं नख घाला." त्यांनी घातलं. बस एवढंच. अण्णा स्वतः पुढच्या दाराला दोरी बांधत होते. रांग बाहेरून पत्र्याच्या शेडखालून वळवली, गाभाऱ्याची बाजूची खिडकी उघडली. बायका कुरकुरत होत्या, माझ्याकडे बोट दाखवत होत्या. गोजराबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण रांगेत प्रत्येकाला ओरडून सांगत होत्या, "इकडून, इकडून, मंडपात पाय टाकायचा नाही."

पाऊण वाजता आवाज झाला. नारळ फोडावा तसा, एकच. कुणाला कळलंच नाही. मी दोरीपाशी होते. खांब तोवर सरळच उभा होता, आणि पुढच्या क्षणी गळ्यापासून तिरका सरकला. वरची तुळई बोटभर खाली आली आणि पप्पांच्या टेकूंवर बसली. टेकू कण्हले. तू डावा हात वर केलास, सगळे थांबले, तू मनात आकडे मोजत असावीस. मग हात खाली घेतलास. टेकू राहिले. नंदीच्या पाठीवर गुलाबी वाळूचा ढीग, बाकी कुणी नाही. खिडकीशी लहान मुलाला कडेवर घेतलेली एक बाई बेल वाहत होती, तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तू हात धुतलेस आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. म्हणालीस, "काटा कुठे आहे?"

मी दिला. तू नंदीवरची वाळू रुमालात आणली होतीस, ती तोललीस. एका वेळी मावेना म्हणून सहा वेळा. चार किलो दोनशे दहा. वही मागितलीस, मागच्या पानांवरून बोट फिरवत अकरा, चौतीस, सत्तावन्न, सगळं वाचलंस, आणि माझ्या शेवटच्या आकड्याखाली तुझ्या अक्षरात तो आकडा लिहिलास. तारीख घातलीस. मग पानावरून वर बघितलंस, माझ्या कपाळाकडे. खपली धरली आहे तिथे.

"त्यावर लिंबू नाही ना चोळलंस?"

पप्पांना ठसका लागला. मला हसू आलं की रडू ते मी सांगत बसत नाही. तू हसली नाहीस. पण आतून तुझ्या बॅगेतली मलमाची ट्यूब आणून ओट्यावर ठेवलीस आणि झोपायला गेलीस.

खांब पडला तो माझ्यामुळे, हे लोक म्हणतायत, म्हणू देत, खरं आहे. उरलेल्या पाच खांबांचं काय करायचं ते तू अण्णांना संध्याकाळी सांगणार आहेस, प्रफुल्ल न्यायला येईल. सोमवारी मी नुसतं पाणी घेऊन जाणार आहे. कुणी आलं तर आलं.

हे पत्र तुझ्या उशाशी ठेवते. मलम लावलं आहे. उठलीस की हाक मार, नाही मारलीस तरी चालेल.

मी ओट्यापाशीच आहे.

आई